स्नेहलतागंजातली ताई

आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवल्याशिवाय नानांच्या घशाखाली घास उतरत नसे. वरण पातळ झालं की, ‘यात पोहायला शिकवतेस काय?’ आणि घट्ट झालं की, ‘सुरी आण, वड्या पाडतो.’ मग मूठभर शेव वरून टाकायची, की सगळं गोड. शेवेचा डबा आई मुद्दाम वरच्या फळीवर ठेवायची, म्हणजे त्यांना उठावं लागेल. हे भांडण नव्हतं. त्या दोघांची एकमेकांशी बोलायची ती रीत होती, आणि ते बोलणं इंदूरच्या छत्रीबागेतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं, कारण नाना कापडाच्या मिलमध्ये मागावर होते. मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेला माणूस घरी येऊनही ओरडूनच बोलतो. ‘मीठ दे’ म्हणाले तरी समोरच्या कमलामावशी तिकडून मीठ घेऊन निघतील असा आवाज. इतक्या मोठ्या आवाजाच्या माणसाने एक गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली, याचं मला आजही नवल वाटतं.

वर्षातून एक दिवस मात्र नाना शेव मागत नसत, वरणाला काही म्हणत नसत. पितृपक्षातली नवमी. पोथीत तिला अविधवा नवमी म्हणतात, आमच्याकडे अहेव नवमी. त्या दिवशी आई पहाटे उठून न्हायची. खीर, वडे, लाल भोपळ्याची भाजी, कढी, आमसुलाची चटणी. कमलामावशींना सवाष्ण म्हणून बोलावणं असायचं. आई त्यांना पाटावर बसवायची, पाय धुवायची, हळदीकुंकू लावायची, हिरव्या बांगड्या भरायची आणि खणानारळाने ओटी भरायची. एरवी चेष्टेशिवाय तोंड न उघडणाऱ्या कमलामावशी त्या दिवशी खाली मान घालून जेवायच्या. नाना तेवढा वेळ बाहेर ओट्यावर बसून राहायचे, नदीकडे तोंड करून. मावशी उठल्या की आत येऊन जेवायचे आणि ताट स्वतः उचलून मोरीत ठेवायचे. ते ताट उचलणं मला विचित्र वाटायचं. लहानपणी मी आईला विचारलं होतं, हे कोणासाठी? ‘घरातल्या बाईसाठी,’ आई म्हणाली. घरातली गेलेली बाई म्हणजे आजी, एवढं माझं मी ठरवून टाकलं.

मी एकुलती एक. आज लोकांना याचं काही वाटत नाही, पण आमच्या गल्लीत ज्या घरी पाचाच्या खाली पोरं त्या घराची लोक कीव करायचे. राखीपौर्णिमेला मी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला राखी बांधायची. तो काही ओवाळणी घालायचा नाही. शाळेतून येताना मी मनातल्या मनात एका मोठ्या बहिणीशी बोलत यायची. तिला नावही नव्हतं, नुसती ताई. तिच्यावर रुसायची, तिच्याकडून वेणी घालून घ्यायची. हे वाचून कोणी हसेल तर हसो.

पुढे मी कॉलेजात गेले. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आजही आवाज खाली आणत नाही. नानांना कशीबशी सही यायची, आईला तीही नाही. नानांनी माझ्यासाठी जुनी सायकल आणली होती. तिची चेन दर चार दिवसांनी पडायची, आणि काळे हात घेऊन मी वर्गात बसायची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी माझी एक मैत्रीण होती, मीना. तिच्या घरी पितृपक्षात गेले असताना तिच्या आईने सहज विचारलं, तुमच्याकडे कोणाची तिथी कधी असते? मी म्हटलं, आमच्याकडे अहेव नवमी असते, आजीची.

‘म्हणजे आजी आधी गेल्या आणि आजोबा नंतर?’

‘नाही, आजोबा तर नाना लहान असतानाच गेले.’

काकू हसल्या. ‘मग आजींची नवमी कशी होईल गं? नवरा असताना जी बाई जाते तिची ही नवमी. आणि तो नवरा असेपर्यंतच करायची. हे घ्या, बी.ए.ला बसल्यात बाईसाहेब!’

मीनाही हसली, मीही हसले. पण चेन पडायच्या आधी सायकलचं पायडल जसं एकदम हलकं होतं, तसं मला झालं. आजी मला आठवत होती. कपाळावर गोंदण, कुंकू नाही, हातात काचेची एक बांगडी नाही. मी तिच्या मांडीवर बसून त्या गोंदणाचे ठिपके मोजलेले होते. वीस वर्षांची झाले तरी मला हे सुचलं नव्हतं. तिकडे परीक्षेत मराठ्यांच्या वंशावळी फाडफाड लिहीत होते.

घरी आले तर आई सुपात गहू निवडत बसली होती.

‘आई, आजी विधवा होती.’

‘मग? सगळ्या गल्लीला मालूम आहे.’

‘मग अहेव नवमीला आपण कोणाला जेवू घालतो?’

‘कॉलेजात हेच शिकवतात का?’

‘सांग ना.’

‘तुझ्या थोरल्या आईला.’ दोन-चार खडे तिने वेचून बाजूला टाकले. ‘नानांचं पहिलं लग्न झालेलं होतं. गंगू नाव तिचं. बाळंतपण झाल्यावर सहा महिन्यांत गेली, काविळीने. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही.’

मी बाकी काही ऐकलंच नाही. ‘बाळंतपण? म्हणजे मूल होतं?’

‘दोन. मुलगी आठ वर्षांची, सुमन. मुलगा अंगावर पिणारा, विजू. माझं लग्न झालं तेव्हा ह्याच खोलीत होते दोघं. मग माझं पहिलं बाळंतपण आलं. पहिलं माहेरी करायचं असतं. मी देवासला गेले, तर पोरांना कोण बघणार? तुझी आजी तेव्हा गावी होती. म्हणून त्यांना खंडव्याला, त्यांच्या मामाकडे पाठवलं. चार महिन्यांसाठी.’

पहिलं बाळंतपण म्हणजे मी. हे माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला. ‘माझ्यामुळे गेले ते?’

‘तुझ्यामुळे नाही गं,’ आई म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

पुढचं तिने चार दिवसांनी सांगितलं. ती माझ्या डोक्याला तेल लावत होती, मी तिच्याकडे पाठ करून बसलेली. आता मला वाटतं, तिने तो वेळ मुद्दाम निवडला. तोंड दिसत नाही तेव्हा बोलता येतं. ती म्हणाली, ‘मी देवासहून पोस्टकार्ड पाठवलं होतं. माझ्या भावाने लिहिलं, सांगितलं मी. पोरं परत येणार असतील तर मी येत नाही, असं. नानांना वाचता कुठे येतं? त्यांनी ते कमलाबाईच्या मालकांकडून वाचून घेतलं.’ माझी वेणी तिने इतकी घट्ट ओढली की डोळ्यांत पाणी आलं. ‘तरी एकदा ते खंडव्याला गेले होते. मामाने दारातच सांगितलं, घरात बाई राजी नसेल तर पोरं पाठवणार नाही, ती काय टोपल्या आहेत इकडून तिकडे न्यायला? परत आले. तेव्हापासून त्या दोघांचं नाव ह्या घरात कोणी घेतलेलं नाही.’

‘तू असं का केलंस, आई?’

‘मी सतरा वर्षांची होते. सुमी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. ती मला आई म्हणेना, आणि मला ती लेक वाटेना. मी तिच्या आईचं लुगडं नेसले की ती माझ्याकडे नाही, लुगड्याकडे बघायची. सारखी. मला भीती वाटायची गं तिची.’

त्या दिवशी मी आईला खूप बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. कॉलेजात शिकलेले सगळे मोठे मोठे शब्द मी तिच्या अंगावर फेकले, आणि तिने ते ऐकून घेतले. तेव्हा मी विशीत होते, म्हणजे पोस्टकार्ड पाठवणाऱ्या त्या मुलीहून मोठी. आज सत्तरी ओलांडल्यावर मला ती सतरा वर्षांची पोर दिसते, परक्या घरात, मेलेल्या बाईच्या लुगड्यात. तेव्हा दिसली नाही.

मला राग होता तो खरा, पण त्याच्याखाली दुसरंच काही होतं. मला ताई होती. खरी, नाव असलेली. शाळेच्या रस्त्यावर जिच्याशी बोलत यायची ती कुठेतरी चालतबोलत होती, आणि अख्ख्या गल्लीला ते ठाऊक होतं, मी सोडून. कमलामावशींना जाऊन मी जाब विचारला तर त्या म्हणाल्या, ‘हौ, मालूम होतं ना. पण दुसऱ्याच्या घरचं झाकण आपण कशाला उघडायचं, बाई? मी आपली जेवायची आणि गप बसायची. त्या खिरीचा घास कसा गिळते ते माझं मला मालूम.’ खंडव्याच्या मामांचा रेल्वे क्वार्टरचा पत्ता मात्र त्यांच्याच मालकांनी आठवून आठवून सांगितला. नानांना विचारायची माझी हिंमत नव्हती. विचारलं असतं तर ते ओरडून उत्तर देतील अशी भीती नव्हती. उत्तरच देणार नाहीत अशी होती.

मी पत्र लिहिलं. इतकं सुंदर अक्षर मी परीक्षेतही काढलं नव्हतं. तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार, मी अमकी तमकी, मला सुमनताई व विजूदादा यांचा ठावठिकाणा हवा आहे. परतीचा पत्ता कॉलेजचा दिला. कॉलेजच्या व्हरांड्यात पत्रांची लाकडी फळी होती, तिथे मी रोज दोनदा जाऊ लागले. शिपाई म्हणायचा, ‘बेनजी, नौकरी की चिट्ठी है या शादी की?’ माझी नात हे ऐकून म्हणते, ‘आजी, फेसबुकवर सर्च केलं असतं तर दोन मिनिटात सापडली असती.’ असेल बाई. पण त्या फळीपर्यंत चालत जाताना रोज जे वाटायचं ते दोन मिनिटांत कसं मावणार?

दीड महिन्याने उत्तर आलं. मामांचं नाही, मामींचं. मामा गेले होते. मामींनी लिहिलं होतं: ‘इतक्या वर्षांनी आठवण झाली, आनंद आहे. विजू इटारसीला रेल्वेत लागला आहे. त्याला तुमच्याकडचं काही आठवत नाही, आणि आठवून देऊ नये. सुमनचं लग्न आम्ही लावून दिलं. ती तुमच्या इंदूरातच आहे, सहा वर्षं झाली. तिच्या बापास ठाऊक असेलच.’ खाली स्नेहलतागंजातला पत्ता होता. शेवटचं वाक्य मी तेव्हा टोमणा म्हणून वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. काय बोलायचं ते वाटेत सायकलवर पाठ केलं. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘पार्सल ऑफिसवाले भिया का घर? वो ऊपर, खुली खिड़की दिख री है नी, वो ही.’ हे भिया म्हणजे ताईचे यजमान असणार. जिना अंधारा आणि उभा होता. दार उघडं होतं. आत एक बाई पापड लाटत बसली होती. तिने वर पाहिलं. नानांची हनुवटी. बायकी चेहऱ्यावर ती हनुवटी पाहून माझं पाठ केलेलं सगळं गेलं.

‘मंगल ना तू?’ ती म्हणाली. ‘ये. दार लोटून घे, पापड वाळतात नाहीतर.’

मी उभीच. ‘तुला कसं माहीत?’

‘याच रस्त्याने कॉलेजला जातेस की. माझ्या घरासमोर दोनदा चेन पडली तुझी. एकदा वाटलं, खाली जाऊन फडकं द्यावं.’ तिने पिठाची लाटी माझ्याकडे सरकवली आणि दुसरं लाटणं पुढे केलं. ‘बस. हात रिकामे ठेवून कशाला बोलायचं?’

मग आम्ही पापड लाटत बसलो. माझे पापड नकाशासारखे व्हायचे. ती हसली आणि म्हणाली, ‘बी.ए. करतेस तू, तुला माफ आहे.’ मी तिला सगळं सांगितलं, पोस्टकार्डाचंही. ती म्हणाली, ‘माहीत आहे मला. मामी वर्षातून एकदा ते ऐकवायचीच.’ विजूचं तिने फार सांगितलं नाही. तो मामांनाच बाप म्हणायचा, त्यांनाच खांदा दिला, आता त्याला दुसरा बाप कशाला, एवढंच. पत्ता दिला. पुढे कितीतरी वर्षं मी त्याला राखी पाठवली. एकदाच कार्ड आलं: ‘राखी मिळाली.’ दोन शब्द. ते माझ्याकडे अजून आहे.

शेवटी मी जे विचारायला आले होते ते विचारलं. ‘ताई, मी नानांना इथे घेऊन येऊ?’

तिने नव्या लाटीला पीठ लावलं. ‘ते येतात की.’

‘कुठे?’

तिने लाटण्यानेच खिडकीकडे दाखवलं. खाली तो चहावाला दिसत होता, बाकडं, समोर दोन सायकली. ‘दर रविवारी, नवाच्या सुमाराला. त्या बाकड्यावर बसतात. दोन चहा घेतात, तासभर बसतात, जातात.’

रविवारी सकाळी नाना पिशवी घेऊन भाजीला जायचे. दोन तासांनी मेथीची एक जुडी घेऊन परत यायचे, आणि आई म्हणायची, ‘पेरून, उगवून आणलीत काय?’ मी खिडकीतून त्या रिकाम्या बाकड्याकडे बघत राहिले.

‘वर का नाही बोलावलंस?’

‘पहिल्या वर्षी एकदा मी अर्धा जिना उतरले होते. मग थांबले. ते वर आले तर त्यांना काहीतरी बोलावं लागणार, आणि मला काहीतरी विचारावं लागणार. आणि मग पुढच्या रविवारी आलेच नाहीत तर?’ ती पापड उचलून कापडावर ठेवत म्हणाली. ‘चहावाल्याशी किती मोठ्याने बोलतात ते! इथे सगळं ऐकू येतं. मिलमध्ये काय झालं, पाय कसा दुखतो. तुझं नाव, तुझी सायकल, तू मॅट्रिक झालीस ते, सगळं मला खिडकीतच कळलं. “पोरगी पास झाली भिया,” म्हणाले, दोनदा म्हणाले. चहावाल्याने एकदाच ऐकलं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्यांदा ते माझ्यासाठी होतं. मी थंडीतही ही खिडकी लावत नाही. आमचे हे म्हणतात, बाई, न्यूमोनिया होईल.’

मला रडू आलं. ते तिच्यासाठी होतं असं मी अनेक वर्षं सांगत आले. खरं सांगायचं तर माझ्यासाठीही होतं. मी शोधून काढलं, मी पत्र लिहिलं, मी जिना चढले, आणि इथे माझ्याशिवायच सगळं चालू होतं, दर रविवारी, सहा वर्षं. मला वाटलं होतं मी एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला ताई असे दोघांचे हात धरून घरी येईन.

निघताना तिने पापडांचं पुडकं बांधून दिलं. घरी कुठून आणलेस सांगशील, असं तिने विचारलं नाही, मीही सुचवलं नाही. जिन्याशी ती म्हणाली, ‘येत जा गं. केव्हाही ये, विचारत बसू नकोस. फक्त रविवारी सकाळी नको.’

‘का?’

‘तुला ते रोज मिळाले,’ ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ‘तो एक तास मला वाटून घ्यायचा नाही.’

मी बुधवारी जाऊ लागले. तिने माझी वेणीही घातली, पापडही शिकवले. पण ते पुढचं. आधी तो पहिला रविवार आला. सकाळीच मी कमलामावशींकडून कोळशाची इस्त्री मागून आणली आणि नानांचा पांढरा शर्ट जमिनीवर घोंगडी घालून इस्त्री केला. कॉलर, बाह्या, पाठ. आई चुलीपुढून बघत होती. मग उठून आली आणि घोंगडीचं दुमडलेलं टोक तिने सरळ केलं.

नानांनी शर्ट अंगात घातला आणि कडक कॉलरमध्ये मान फिरवून पाहिली. ‘काय गं हे?’ गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. ‘भाजीला चाललोय मी, लग्नाला नाही!’

‘चुरगळला होता,’ मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. जरा जास्तच वेळ. मग खुंटीवरची पिशवी काढली, चपला घातल्या, दारात थांबले. आवाज एकदम खाली आला होता, त्यांच्या मानाने. ‘मेथीच आणू ना?’

‘काहीही आणा,’ मी म्हटलं. ‘घाई करू नका, नाना. सावकाश या.’